देवाच्या आडून, पोरांच्या आडून

चाळिशी ओलांडलेला माणूस सतरंजीवर मांडी घालून प्लॅस्टिकचे रंगीत ठोकळे जोडत बसलाय, हे बुलढाण्यात, चिखलीत किंवा मेहकरात कुणी पाहिलं तर पहिला प्रश्न ठरलेला: "काय गा, लेकराईचे खेय खेयतं का आता?" विचारणारा रागावलेला नसतो. त्याला खरोखर हसू आलेलं असतं. पण त्या हसण्यात बराच निवाडा दडलेला असतो. खेळणं मुलांचं, मोठ्यानं ते हातात घेतलं तर एक तर त्याला काम नाही, नाहीतर पैसा जास्त झालाय. आणि चार मोठी माणसं एकत्र जमून ठोकळ्यांच्या इमारती उभ्या करतात, लोकांना बोलावून दाखवतात, ही तर निव्वळ विलायती थेरं. आपल्या मातीत असलं काही नव्हतं. यातलं शेवटचं विधान सर्वांत ठामपणे केलं जातं, म्हणून आधी तेच तपासायला हवं.

भाद्रपदात विदर्भातल्या घरांत महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, त्यांची बाळं, धान्यानं भरलेल्या कोठ्यांवर चढवलेले मुखवटे, नेसवलेल्या साड्या, वर टांगलेला फुलोरा. ही झाली पूजा. त्यांच्या पुढ्यात जे मांडलेलं असतं, त्याकडे मात्र जरा नीट पाहावं. कुठे विहीर, मोट आणि बैलजोडीसह अख्खं शेत. कुठे आठवडी बाजार, बोटभर टोपल्यांतून मोहरीएवढ्या भाज्या. कुठे पुठ्ठ्याचा किल्ला, कुठे मोटरवर फिरणारी पवनचक्की. हे करणारी लहान मुलं नसतात. बहुतेक घरांत त्या पन्नाशीच्या बाया असतात. तोल, प्रमाण आणि उजेड यांचं गणित त्यांना कुठल्या शाळेनं शिकवलेलं नसतं आणि त्यांच्या या कामाला कुणी अभियांत्रिकी म्हणत नाही. (तो वेगळ्या भांडणाचा विषय आहे.) मग आळीतली माणसं घरोघर 'महालक्ष्म्या पाहायला' निघतात. हात जोडतात, प्रसाद घेतात आणि रस्त्यावर आल्याबरोबर यंदा कुणाचा देखावा सरस यावर चर्चा सुरू करतात.

हे एवढ्यावर थांबत नाही. पोळ्याला घरात मातीचे बैल मांडले जातात. पूर्व विदर्भात त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि चाकांवरचे लाकडी बैल मिरवले जातात. त्यांतले काही इतके थोराड असतात की ते ओढणाऱ्या पोरापेक्षा ते घडवणाऱ्या सुतारालाच बक्षीस द्यावं. पश्चिम विदर्भात भुलाबाईसाठी ज्वारीच्या धांड्यांचं मखर उभं राहतं. खामगावात तर नवरात्र सरल्यावर, कोजागिरीपासून, मोठ्या देवीचा उत्सव सुरू होतो; बाकी महाराष्ट्र आपले मंडप सोडत असतो तेव्हा इथे नवे उभे राहतात. देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत सागवानी लाटांचा मंडप माणसांच्या हातांनी उभारला जातो, ठरावीक काळ उभा राहतो, मग उतरवला जातो. तो काही खेळण्यातला नव्हे, पण सुटे भाग जपून ठेवायचे, दरवर्षी सगळ्यांनी मिळून जोडायचे, गावाला दाखवायचे आणि पुन्हा सुटे करायचे, ही रीत तीच.

दिवाळीतल्या किल्ल्याचीही गोष्ट तशीच. किल्ला 'मुलांचा' म्हणतात. पण दगड रचून पाया घेणारा, तटाला उतार देणारा, बुरूज कुठे ढासळेल हे ओळखणारा बहुतेक वेळा बाप, काका किंवा शेजारचा दादा असतो. मुलाच्या वाट्याला मावळे मांडणं आणि चिखल कालवणं येतं. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून साल्हेरपासून जिंजीपर्यंतचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्या वर्षीच्या दिवाळीत या किल्ल्यांच्या प्रतिकृतींना चांगलाच जोर आला, शासनाच्या 'अमृत' संस्थेनं त्यासाठी दुर्गोत्सवही घेतला. चिखलात हात घालणाऱ्या मोठ्या माणसांना तेव्हा कुणी रिकामटेकडं म्हटलं नाही.

म्हणजे मोठ्या माणसांनी एकत्र बसून छोट्या प्रतिकृती रचणं आणि त्या चार लोकांना दाखवणं, हे मराठी माणसाला नवं नाही, वऱ्हाडाला तर मुळीच नाही. फक्त त्याला आडोसा लागतो. देवासाठी केलं तर भक्ती, मुलासाठी केलं तर वात्सल्य, शिवरायांसाठी केलं तर अभिमान, शाळेच्या प्रदर्शनासाठी केलं तर विज्ञान. तेच काम, तीच बोटं, तेच जागरण, पण केवळ करावंसं वाटलं म्हणून केलं, की पोरखेळ. ठोकळे जोडणाऱ्या हौशी माणसाचा गुन्हा इतकाच, की तो कुणाच्या आड उभा राहत नाही.

यावर एक उत्तर लगेच येईल: देखाव्यामागे श्रद्धा आहे, ठोकळ्यांमागे काय आहे? उत्तर वजनदार वाटतं, पण टिकत नाही. महालक्ष्मीच्या पूजेला मुखवटे लागतात, सोळा भाज्या लागतात, आंबील लागते. पवनचक्की कुठल्याही पोथीत सांगितलेली नाही. देखाव्यातली विहीर कोरडी राहिली म्हणून व्रत मोडत नाही. ती विहीर, ती मोट आणि तो बाजार हे सगळं करणारीच्या हौसेचं आहे, पूजेनं त्या हौसेला जागा दिली एवढंच. श्रद्धेचा यात काही अपमान नाही. उलट, देवीच्या पायाशी माणसाच्या खेळालाही जागा आहे, हे या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मान्य केलेलं आहे. मग ती जागा घराबाहेर, एखाद्या सभागृहात, टेबलावर मागितली तर एवढं बिनसतं का?

आता ज्या ठोकळ्यांवरून हे सगळं रामायण, त्यांच्याकडे वळू. डेन्मार्कमधल्या बिलुंड नावाच्या आडगावात ओले किर्क क्रिस्तियानसेन नावाचा सुतार होता. मंदीनं घरबांधणीची कामं आटली तेव्हा, १९३२ मध्ये, त्यानं लाकडी खेळणी करायला घेतली. १९४९ मध्ये त्याच्या लेगो कंपनीनं प्लॅस्टिकचे जोडठोकळे काढले. ही कल्पना मूळ त्यांची नव्हती. इंग्लंडच्या हिलरी पेज यांच्या 'किडीक्राफ्ट' ठोकळ्यांवरून ती उचललेली होती. वरची बोंडं आणि पोटातल्या नळ्या यांची घट्ट पकड मात्र त्यांची, तिचा पेटंट अर्ज २८ जानेवारी १९५८ चा. ही पकड हेच सगळ्याचं मर्म. ना गोंद, ना खिळा. तरी उचललं तर सुटत नाही आणि सोडवायचं म्हटलं तर लहान मुलाच्या बोटांनीही सुटतं. आठ बोंडांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे किती निरनिराळ्या प्रकारे जोडता येतात, याचं संगणकानं काढलेलं उत्तर ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ असं आहे.

खेळणी मुलांसाठी असतात हे त्या सुताराच्या वारसांनाही बराच काळ वाटत होतंच. मोठ्यांनीच त्यांना वेगळं शिकवलं. १९९८ मध्ये कंपनीनं 'माइंडस्टॉर्म्स' हा यंत्रमानव बनवण्याचा संच आणला. थोड्याच दिवसांत हौशी प्रौढांनी त्याच्या मेंदूची आज्ञावली उकलली आणि आपापल्या भाषांत त्याला नाचवायला लागले. वकिलांना पाठवावं की पाहत राहावं, असा पेच कंपनीपुढे होता. तिनं पाहत राहायचं ठरवलं. पुढे २००३-०४ च्या सुमारास हीच कंपनी तोट्यात बुडत असताना संचाची नवी आवृत्ती घडवायला चार हौशी प्रौढांना बोलावण्यात आलं. त्यांना मोबदला म्हणून ठोकळ्यांचे संच मिळाले आणि डेन्मार्कच्या विमानाचं भाडं त्यांनी स्वतःच्या खिशातून भरलं. बायकोला हे कसं समजावलं असेल देव जाणे. पण 'माइंडस्टॉर्म्स एनएक्सटी' नावानं तो संच २००६ मध्ये बाजारात आला, त्यात त्या चौघांचं डोकं होतं. २००८ मध्ये शिकागोच्या ॲडम रीड टकर या वास्तुविशारदाच्या कल्पनेतून प्रसिद्ध इमारतींची मालिका निघाली. त्याच वर्षी ५,९२२ तुकड्यांचा ताजमहाल आला. तोपर्यंतचा तो कंपनीचा सर्वांत मोठा संच होता. आणि २०२० पासून काही खोक्यांवर सरळ '१८+' असंच छापलं जातं. थोडक्यात, ज्यांनी हे खेळणं बनवलं त्यांनी 'हे मुलांचंच' हा हट्ट कधीच सोडला. तो धरून ठेवलाय तो ते न हाताळलेल्यांनी.

एच. जी. वेल्स यांचं उदाहरण इथे अस्थानी होणार नाही. १९११ मध्ये, पंचेचाळिशीत, त्यांनी 'फ्लोअर गेम्स' हे पुस्तक लिहिलं, जमिनीवर लाकडी ठोकळ्यांची बेटं आणि शहरं कशी वसवावीत याबद्दलचं. दोन वर्षांनी 'लिटल वॉर्स' आलं, खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचं. त्या खेळात विनोदी लेखक जेरोम के. जेरोम यांचाही हात होता. कालयंत्राची कल्पना करणाऱ्या माणसाला जमिनीवर बसायची लाज वाटली नाही.

पण हे सगळं सोपंच आहे, बोंडावर बोंड बसवायचं, त्यात मोठं काय, असं म्हणणाऱ्यानं लोणारचं दैत्यसूदन मंदिर ठोकळ्यांत उभं करून पाहावं. मंदिराचा तळ ताऱ्यासारखा, कोन बाहेर काढत गेलेला. ठोकळ्यांची दुनिया मात्र काटकोनी. बोंडापासून बोंड बरोबर ८ मिलिमीटर, ना कमी ना जास्त. तिरकी भिंत घ्यायची तर ती दोन्ही टोकांना कुठल्या तरी बोंडावर नेमकी येऊन बसली पाहिजे. ती बसते ती तीन-चार-पाचच्या त्रिकोणात: आडवी तीन, उभी चार घरं मोजली की तिरपी बरोबर पाच भरतात. हौशी मंडळी बिजागरीचे तुकडे लावून हाच पायथागोरस रोज वापरतात. मग मंदिराच्या थरांचा प्रश्न. पूर्ण ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, चपट्या पट्टीची ३.२. पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर होतात, म्हणजे बरोबर दोन बोंडांचं अंतर. या एका हिशेबामुळे ठोकळे आडवे झोपवून भिंतीत बसवता येतात आणि देवळाच्या अंगावरचे बारीक पट्टे आणि कोनाडे निघतात. या प्रकारच्या जुन्या देवळांत दगड चुन्यावाचून, खाचेत खाच बसवून रचलेले असतात. त्यांची प्रतिकृती करायला गोंदाशिवाय जुळणाऱ्या ठोकळ्यांइतकं प्रामाणिक साधन दुसरं शोधून सापडणार नाही. या कामाला पोरखेळ म्हणणाऱ्यानं पोरांना फारच वर चढवून ठेवलं आहे.

दुसरा आक्षेप: रचून करायचं काय? शेवटी मोडायचंच ना? इथे एका प्रयोगाची आठवण काढायला हवी. डॅन एरिअली, एमिर कामेनिका आणि ड्राझेन प्रेलेक यांनी २००८ मध्ये तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना पैसे देऊन लेगोच्या 'बायोनिकल' बाहुल्या जोडायला लावल्या, दर बाहुलीगणिक मोबदला थोडा थोडा घटत जाणारा. एका गटाच्या तयार बाहुल्या समोर टेबलावर मांडून ठेवल्या. दुसऱ्या गटाची बाहुली तयार झाली की तो दुसरी जोडत असताना, त्याच्या डोळ्यांदेखत, पहिली सुटी करायची. पैसे दोघांना सारखेच. पहिल्या गटानं सरासरी १०.६ बाहुल्या जोडल्या, दुसऱ्यानं ७.२ वर हात टेकले. केलेलं काम कुणी पाहण्याआधीच नाहीसं झालं तर माणसाचा जीव त्यात राहत नाही, हे यातून दिसतं. म्हणूनच या हौशी मंडळींना प्रदर्शन लागतं. ते मिरवणं नाही, कामाचा तो उरलेला अर्धा भाग आहे.

मोडण्याबद्दल तर मराठी माणसानं बोलूच नये. गणपतीचा दहा दिवसांचा देखावा अकराव्या दिवशी उतरतो, दिवाळीचा किल्ला तुळशीच्या लग्नानंतर पावसापाण्यानं किंवा सायकलच्या चाकानं जातो, आणि पुढच्या वर्षी तीच माणसं पुन्हा चिखल कालवायला बसतात. त्यांचा हुरूप त्या दुसऱ्या गटासारखा का ओसरत नाही? कारण मोडण्याआधी गावानं ते पाहिलेलं असतं.

पैशाचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हा छंद महाग आहे. परदेशी खेळण्यांवरचं आयातशुल्क फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पानं २० टक्क्यांवरून ६० वर नेलं, २०२३ मध्ये ते ७० झालं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. लेगोचं भारतातलं पहिलं अधिकृत दुकान २०२५ मध्ये उघडलं, तेही गुरुग्रामला. सोयाबीनच्या भावावर घर चालणाऱ्यानं अशा खोक्याकडे पाठ फिरवली तर त्याला दोष देता येत नाही. पण महाग असणं हा एक आरोप झाला आणि पोरकट असणं हा दुसरा. टीकाकार एकाचा पुरावा दुसऱ्यासाठी वापरतात. महागडा कॅमेरा घेणारा छायाचित्रकार पोरकट ठरत नाही आणि स्वस्तात पत्ते कुटणारा प्रौढ ठरत नाही.

शिवाय ही मक्तेदारी एका कंपनीची उरलेली नाही. बोंडवाल्या ठोकळ्याचं पेटंट केव्हाच संपलं. मग कंपनीनं त्या आकारावरच ट्रेडमार्कचा हक्क सांगून पाहिला. २००५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं आणि २०१० मध्ये युरोपीय न्यायालयानं तो नाकारला. बोंडं शोभेची नाहीत, कामाची आहेत, आणि कामाच्या रचनेवर कायमची मालकी नाही. बालवाडीला लागणारे जोडठोकळे कुणीही करू शकतो, करतोही. त्याच्याही पलीकडचं उदाहरण पुण्याचं. कानपूर आयआयटीचे अभियंते अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांचं 'मेकॅनो' केलं. त्रिकोण का टिकतो आणि चौकोन का डगमगतो, हे त्यानं हजारो मुलांना बोटांनी कळलं. पुढे पुण्यातल्या 'आयुका' संस्थेच्या विज्ञान केंद्रातून त्यांची कचऱ्यातली खेळणी सर्वदूर गेली, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. व्हॉल्व्ह ट्यूब चिखलीच्या कुठल्याही सायकल दुकानात मिळते. मुलांसाठी बनलेलं हे साधन मोठ्यांनी हातात घ्यायला कुणाची मनाई आहे?

प्लॅस्टिकबद्दलचा आक्षेप ऐकताना तर गंमत वाटते. तो घेणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी कालपरवापर्यंत थर्माकोलचं मखर यायचं, एकदा वापरून टाकायचं. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारनं बंदी आणली तेव्हा मंडळांनी आणि व्यापाऱ्यांनी काय आरडाओरडा केला तो आठवावा. लेगोचा ठोकळा एबीएस प्लॅस्टिकचा आहे, कुजत नाही, हे खरं. कंपनीनं २०२१ मध्ये जुन्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकचा नमुना दाखवला आणि २०२३ मध्ये तो नाद सोडला, हेही खरं. पण ठोकळा टाकला जात नाही. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. बाप थांबतो तिथे मुलगी सुरुवात करते, प्रदर्शन संपलं की राजवाड्याचे ठोकळे पुढच्या वर्षी धरणात जातात.

सर्वांत जड आक्षेप अजून राहिला. ज्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्या करतात, जिथे नापिकी आणि कर्ज हे रोजचं बोलणं आहे, तिथे खेळण्यांच्या गोष्टी शोभतात का? या प्रश्नापुढे मान खाली जाते, आणि म्हणूनच तो प्रामाणिकपणे विचारला गेला पाहिजे. तो विचारणाऱ्यानं लग्नातल्या डीजेला, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फलकांना आणि क्रिकेटच्या रोख बक्षिसांच्या स्पर्धांना तोच प्रश्न विचारलेला असेल, तर त्याच्याशी बोलता येईल. पण दुष्काळाची आठवण नेमकी शांत, बिनआवाजी छंदाच्या वेळीच होत असेल, तर दुःखाचा वापर दुसऱ्याला गप्प करायला चाललाय. कर्जानं पिचलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या ठोकळ्यांमुळे काही कमी पडत नाही. महालक्ष्म्या तर त्या कर्जबाजारी घरातही बसतात, देखावा छोटा होतो, पण होतो. हौस ही पोट भरल्यावरची चैन आहे, हा समज ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांचाच.

आणि हे शहरी चोचले आहेत, हे तर साफ खोटं. मुंबई, पुणे, बंगळुरूत ठोकळे जोडणारी प्रौढ मंडळी आहेत हे खरं. 'मॉक' म्हणजे संचातली नसलेली, स्वतःच्या डोक्यानं केलेली रचना, आणि 'डार्क एज' म्हणजे लहानपणी ठोकळे सुटल्यापासून मोठेपणी पुन्हा हाती येईपर्यंतची वर्षं, असल्या त्यांच्या खास शब्दांत ती बोलतात. पण युरोपातल्या हौशी लोकांचं एक नावाजलेलं संमेलन भरतं ते डेन्मार्कच्या स्केअरबेक गावात, ज्याची वस्ती तीनएक हजार. लोणार त्याच्या कितीतरी पट मोठं आहे. दुसरं भरतं उत्तर पोर्तुगालमधल्या पारेदेस द कोउरा या डोंगराळ तालुक्याच्या गावी. अशा गावांना हे जमतं, कारण तिथे सभागृह मिळतं, टेबलं मिळतात आणि पाहायला येणाऱ्यांना जायला दुसरं ठिकाण नसतं. बुलढाणा जिल्ह्यात यातलं काय कमी आहे? पाहायला कोण येणार, असं विचारणाऱ्यांनी पुण्यात कोथरूडला जाऊन यावं. भाऊ जोशी यांनी हौसेपोटी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून तिथे चालू आहे. तिथे तिकीट काढून माणसं रुळांवरून धावणाऱ्या टीचभर गाड्या पाहतात, आणि त्यांत मुलांना घेऊन आलेले बापच काचेला जास्त नाक लावून उभे असतात.

एकत्र रचण्याची रीत तर या मंडळींनी फार विचारपूर्वक बसवली आहे. त्यांच्या प्रदर्शनांत 'ग्रेट बॉल काँट्रॅप्शन' नावाचा एक प्रकार असतो. प्रत्येकानं घरून आपलं एक यंत्र करून आणायचं. ते शेजाऱ्याकडून आलेले छोटे चेंडू उचलतं, हव्या त्या युक्तीनं वर नेतं आणि पुढच्या शेजाऱ्याकडे टाकतं. आतली युक्ती ज्याची त्याची. नियम फक्त सांध्याचे: चेंडू घेणारी पेटी ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या उंचीला, वेग सरासरी सेकंदाला एक चेंडू. हे पाळलं की कधी न भेटलेल्या पन्नास माणसांची यंत्रं सकाळी टेबलावर जोडली की दुपारी चालू. (एकाचं अडकलं की सगळी रांग थांबते आणि सगळे त्याच्या टेबलाभोवती जमतात, हे ओघानं आलंच.) हे नियम बसवण्यात स्टीव्ह हॅसनप्लग यांचा पुढाकार होता, स्वतःच्या भाड्यानं डेन्मार्क गाठणाऱ्या त्या चौघांतले एक तेच.

याच पद्धतीनं लोणारचं विवर करता येईल, आणि हिशेब थक्क करणारा जमतो. विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर, काठापासून खोली सुमारे १५० मीटर. एकास हजार असं प्रमाण धरलं तर व्यास १.८ मीटर आणि खोली १५ सेंटिमीटर. हौशी लोकांचा नेहमीचा पाट ३२ बोंडांचा, म्हणजे २५.६ सेंटिमीटरचा. असे सात पाट शेजारी शेजारी ठेवले की विवर बरोबर मावतं. सात बाय सात म्हणजे ४९. त्यांतले कोपऱ्यांवरचे चार वर्तुळाबाहेर पडतात, राहिले ४५. उंची सोळा ठोकळे. ४५ माणसांनी एकेक पाट घरी न्यायचा, शेजारच्या पाटाला लागणाऱ्या कडेची उंची तेवढी आधी ठरवून घ्यायची, उतार, झाडी आणि देवळं आपापली. कमळजादेवीचं देऊळ या प्रमाणात एखाद-दोन बोंडांत आटपेल, त्यामुळे तो पाट कुणाच्या वाट्याला येतो यावर रुसवेफुगवे होणार. ज्याला ठोकळे परवडत नाहीत त्यानं त्याच मापाच्या प्लायवूडवर मातीचा उतार करून आणावा. कड जुळली म्हणजे झालं. महालक्ष्म्यांचे देखावे करणाऱ्या बायांना यात आधी बोलवावं, म्हणजे प्रमाणाच्या चुका पहिल्या बैठकीतच निघतील. काम १२ जानेवारीच्या आत पुरं झालं, तर जिजाऊंच्या जन्मोत्सवाला सिंदखेड राजात लोटणाऱ्या गर्दीपुढे मांडता येईल आणि पुढच्या वर्षासाठी लखुजीरावांच्या राजवाड्याची मापं तिथल्या तिथे घेता येतील. अडचण दिसते ती पाण्याची. जून २०२० मध्ये विवरातलं सरोवर गुलाबी झालं होतं आणि पुण्याच्या आघारकर संस्थेनं त्याचं कारण खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांत शोधलं होतं. आता मधल्या पाटांवर पाणी नेहमीसारखं हिरवं घ्यायचं की त्या वर्षीचं गुलाबी, यावर ४५ वऱ्हाडी माणसांचं एकमत घडवून आणायचं आहे.